'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'



माझ्या शाळेच्या कचेरींत एक शिसवी कपाट होतें आणि त्यांत जुन्या पत्रव्यवहाराचीं बाडें कापडांत बांधून ठेवलेलीं होतीं. मी सेवानिवृत्त होण्याच्या आदल्या वर्षीं तीं चाळून निरुपयोगी कागद वेगळे काढण्याचें काम मजकडे आलें. बहुतेक कागद वाळवीनें खाल्ले असते तरी कोणाचें कांहीं बिघडलें नसतें. परंतु त्यांत एका पूर्वकालीन हेडमास्तरांनीं वरिष्ठ अधिकाऱ्यास इंग्रजींत धाडलेल्या पत्राची नक्कल मला सांपडली. पत्राचा आशय इतकाच होता कीं, इमारतीचें छप्पर गेल्या पावसाळ्याप्रमाणें याहि पावसाळ्यांत गळत आहे, पूर्वीं तीन पत्रें पाठविलीं त्यांचें उत्तर नाहीं, आणि मुलें वर्गांत छत्र्या उघडून बसतात. पण हा आशय ज्या पोषाखांत नटून आला होता तो पाहण्यासारखा होता. आरंभ होता, 'आय हॅव द ऑनर टु इन्फॉर्म यू', म्हणजे छप्पर गळतें हें आपणांस कळविण्याचा मान मला लाभत आहे! आणि शेवट होता, 'आय हॅव द ऑनर टु बी, सर, युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट', म्हणजे, महाराज, आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक असण्याचा मान मला आहे. मध्यें मात्र त्या गृहस्थांचा राग ओळीओळींतून ठिबकत होता, त्या छपरासारखाच.

हें वाक्य आलें कोठून, तें कोणीं कसें वापरलें, आणि तें लिहिणारा खरोखर किती आज्ञाधारक असे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी कांहीं इंग्रजी भाषेचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलों आणि पुढें जन्मभर मुलांना पत्रलेखन शिकवीत आलों, एवढाच माझा अधिकार.

प्रथम व्याकरण पाहूं, कारण या वाक्याची सारी गंमत त्याच्या व्याकरणांतच आहे. जुन्या सरकारी पत्रांत हा मजकूर कागदाच्या उजव्या बाजूस पायऱ्या पायऱ्यांनीं उतरत जाई. एका ओळींत 'आय हॅव द ऑनर टु बी', तिच्याखालीं थोडें पुढें 'सर', त्याच्याखालीं 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' आणि अगदीं खालीं सही. या मांडणीमुळें विद्यार्थ्यांचा असा समज होई कीं, हे चार निरनिराळे तुकडे आहेत. मुंडावळ्या बांधाव्यात तसे ते पत्राला बांधावयाचे. वस्तुतः तें सारें एकच वाक्य आहे. 'टु बी', म्हणजे 'असणें', या क्रियापदाला पूरक पाहिजे, आणि 'आज्ञाधारक सेवक' हें तें पूरक. तेथें पोंचेपर्यंत वाक्य पुरें होत नाहीं. म्हणून त्याच्या आधींचा मजकूर त्याला धातुसाधितानें जोडतां येई. 'होपिंग फॉर अ फेव्हरेबल रिप्लाय, आय हॅव द ऑनर टु बी', म्हणजे अनुकूल उत्तराची आशा करीत मी आपला सेवक आहें. येथें आशा करणारा 'मी' वाक्यांत हजर आहे. पुढें वाक्याचा हा मधला भाग गळून पडला आणि लोक 'होपिंग फॉर अ फेव्हरेबल रिप्लाय' असें लिहून पूर्णविराम देऊं लागले. आतां आशा कोण करतो त्याचा पत्ता नाहीं! माझ्या लाल शाईचा मोठा भाग या एका चुकीवर खर्च झाला आहे.

आरंभींच्या 'आय हॅव द ऑनर टु' या शब्दांपुढें ठराविक क्रियापदें येत. आपल्या अमुक तारखेच्या पत्राची पोंच देण्याचा मान, सोबत तक्ता पाठविण्याचा मान, रजा मागण्याचा मान, अहवाल सादर करण्याचा मान. मान असे तो मजकुराचा नव्हे, तर त्या व्यक्तीस उद्देशून लिहावयास मिळतें याचा. त्यामुळें पटकीची सांथ, अफरातफर किंवा गळकें छप्पर, कांहींहि कळवावयाचें असलें तरी वाक्यरचना तीच राही. हें ध्यानांत न घेतल्यामुळें आपण त्या पत्रांना हंसतों.

आपल्याकडील रीत याच्या नेमकी उलट होती. मराठी पत्रांत लिहिणाराची पायरी ठरे ती पत्राच्या शिरोभागीं, शेवटीं नव्हे. त्यास आपण मायना म्हणतों. बापास लिहावयाचें तर 'तीर्थरूप', 'वडिलांचे सेवेसीं', 'कृतानेक साष्टांग नमस्कार विज्ञापना'. बरोबरीच्या सरदारास लिहावयाचें तर 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य', 'स्नेहांकित', 'विनंति उपरी'. लहानास लिहावयाचें तर 'चिरंजीव' आणि 'आशीर्वाद'. विज्ञापना वर जाते, विनंति समोर जाते आणि आज्ञा खालीं येते, हा भेद पेशवाईंतल्या कोणत्याहि कारकुनास झोंपेंत विचारला असता तरी सांगतां आला असता. मायना एका शब्दानें हलका झाला तर पत्र घेणारा तें मनांत ठेवी. शेवटास 'बहुत काय लिहिणें, लोभ असो दीजे हे विनंति' एवढें म्हटलें कीं काम भागे, लेखनसीमा झाली. मराठी वाचकास पहिल्याच ओळींत कळे कीं लिहिणारा आपल्यापुढें उभा आहे, बसला आहे कीं वांकला आहे. इंग्रज मात्र ताठ उभा राहून आपलें म्हणणें सांगे आणि जातांना दारांतून वांकून नमस्कार करी.

हा जातांनाचा नमस्कार केवळ इंग्रजांचाच आहे असें नाहीं. युरोपांतील कित्येक भाषांत आपण स्वतःस समोरच्याचा दास म्हणविण्याची चाल होती. इटालियन लोक भेटतांना व निरोप घेतांना 'चाव' म्हणतात. तो शब्द व्हेनिस शहराच्या बोलींतील 'गुलाम' या अर्थाच्या शब्दापासून झाला आहे. ऑस्ट्रिया आणि बव्हेरिया या भागांत 'सर्व्हुस' म्हणून अभिवादन करतात. तो तर लॅटिन भाषेंतील 'दास' हाच शब्द. तेव्हां एखादा तरुण प्रवासी रोमच्या स्टेशनावर मित्राला हात हलवून 'चाव' म्हणतो, तेव्हां तो नकळत 'मी तुझा गुलाम' असें ओरडत असतो. आपले फारसी वळणाचे अर्ज आठवा. 'अर्ज', 'अर्जदास्त', 'हुजूर', 'बंदा', 'मेहेरबान' हे शब्द मराठींत इतके मुरले आहेत कीं 'मे. कलेक्टर साहेब' यांतील 'मे.' म्हणजे मेहेरबान, हें लिहिणारालाहि आठवत नाहीं. शब्द झिजतात तशी त्यांतली गुलामगिरीहि झिजते. पण ती पूर्णपणें जाते कीं नाहीं, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न इंग्लंडांत एका माणसानें फार स्पष्टपणें पाहिला होता. तो म्हणजे कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन. त्याची हकीकत मी जरा सविस्तर सांगतों.

इ. स. १७४७ मध्यें जॉन्सननें आपल्या नियोजित इंग्रजी शब्दकोशाची योजना छापली ती लॉर्ड चेस्टरफील्ड या बड्या उमरावास उद्देशून. त्या काळीं ग्रंथकारानें आश्रयदाता शोधावा ही रीतच होती. परंतु चेस्टरफील्डच्या बाहेरच्या दालनांत तिष्ठत बसण्यापलीकडे जॉन्सनच्या पदरीं फारसें कांहीं पडलें नाहीं. दारिद्र्यांत, आजारांत, पत्नीच्या मृत्यूचें दुःख सोशीत त्यानें काम चालूं ठेवलें. कोश छापून बाहेर पडण्याच्या बेतास आला, तेव्हां १७५४ च्या अखेरीस लॉर्डसाहेबांनीं 'द वर्ल्ड' या पत्रांत त्या कोशाची स्तुति करणारे दोन लेख लिहिले. कोश आपल्या चरणीं अर्पण व्हावा, ही इच्छा त्यांत उघड दिसत होती. यावर ७ फेब्रुवारी १७५५ रोजीं जॉन्सननें त्यांस जें पत्र लिहिलें, तें इंग्रजी भाषेंतील अत्यंत प्रसिद्ध पत्रांपैकीं एक आहे. माणूस पाण्यांत गटांगळ्या खात असतां कांठावर निर्विकार उभें राहावयाचें आणि तो स्वतःच्या बळावर जमिनीस लागला कीं मदतीचा हात पुढें करून त्याची अडचण करावयाची, असला आश्रय मला नको, असा त्याचा मथितार्थ.

आतां या पत्राचा शेवट काय असावा? तोच, 'युवर लॉर्डशिप्स मोस्ट हंबल, मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'! परंतु येथें या व्याकरणकुशल माणसानें काय केलें तें पाहा. त्यानें हा शेवट शेवटच्या वाक्यांतच विणून टाकला. एके काळीं मी एका आशेच्या स्वप्नांत होतों आणि त्या स्वप्नांत मोठ्या अभिमानानें स्वतःस आपला नम्र व आज्ञाधारक सेवक म्हणवीत होतों. त्या स्वप्नांतून मी केव्हांच जागा झालों आहें, असा त्या वाक्याचा अर्थ होतो. म्हणजे शब्द तेच, जागा तीच, त्यांखालीं सहीहि तशीच. परंतु 'सेवक आहें' याचें 'सेवक होतों' झालें. शिष्टाचाराचा एक शब्दहि न मोडतां त्यानें चाकरी सोडली. मराठी मायन्यांत हें साधलें नसतें, असें मला वाटतें; कारण मायना सुरुवातीसच येऊन बसतो, आणि नंतर काय वाटेल तें लिहा, तो मागें घेतां येत नाहीं.

याच जॉन्सननें पुढें १७८३ त बॉस्वेलला बजावलें होतें कीं, एखाद्यास 'मी आपला अत्यंत नम्र सेवक' असें खुशाल म्हणावें, जगाची रीतच आहे ती. मात्र मनांत तसें समजण्याचा मूर्खपणा करूं नये. बोलण्यांत तें चालतें, विचारांत चालूं देऊं नये. या उपदेशांत अर्धा भाग व्यवहाराचा आहे आणि अर्धा स्वाभिमानाचा. तो सर्वांस सारखाच सोपा असतो काय, हें मी पुढें सांगणार आहें.

अटलांटिकच्या पलीकडे याच शब्दांनीं एक जीव घेतला. अमेरिकेचा उपाध्यक्ष ॲरन बर आणि माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांचें जुनें वैर होतें. हॅमिल्टननें एका मेजवानींत आपल्याविषयीं हलके उद्गार काढले असें वर्तमानपत्रांतून कळल्यावर बरनें १८ जून १८०४ रोजीं त्यास पत्र लिहून खुलासा मागितला. हॅमिल्टननें एका शब्दाच्या अर्थाचा कीस काढणारें लांबलचक उत्तर दिलें. पुन्हां पत्र, पुन्हां उत्तर. प्रत्येक पत्रागणिक दोघेहि मरणाच्या अधिकाधिक जवळ येत होते आणि पत्राखालीं आपण एकमेकांचे आज्ञाधारक सेवक असण्याचा मान नमूद करीत होते. ११ जुलै रोजीं हडसन नदीच्या पलीकडे वीहॉकेन येथें द्वंद्वयुद्ध झालें. हॅमिल्टनला गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशीं तो मेला. २०१५ सालीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर या हॅमिल्टनवर एक संगीत नाटक आलें, त्यांतील एका गाण्याचें नांवच 'युवर ओबीडियंट सर्व्हंट' असें आहे. आमच्या घरच्या तरुण मंडळींस हा वाक्प्रचार माहीत आहे तो तेवढ्यामुळें, माझ्या शिकवण्यामुळें नव्हे!

हिंदुस्थानांत हें वाक्य आलें तें ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून. येथें त्याला एक निराळाच अर्थ चिकटला, कारण कंपनीचे नोकर खरोखरीच 'सर्व्हंट' या नांवानें ओळखले जात. रायटर, फॅक्टर, ज्युनियर मर्चंट, सीनियर मर्चंट अशा त्यांच्या चढत्या पायऱ्या होत्या. परंतु एकूण सारे 'द कंपनीज सर्व्हंट्स'. लष्करी नोकरांहून वेगळे ते 'सिव्हिल सर्व्हंट', हा शब्द तेथूनच रूढ झाला. आणि मौज अशी कीं, लंडनचे डायरेक्टर मुंबईच्या किंवा मद्रासच्या गव्हर्नरास जीं पत्रें पाठवीत, त्यांत खर्च वाढला, हिशेब आले नाहींत, हुकूम पाळले नाहींत म्हणून पानेंच्या पानें खरडपट्टी असे, आणि शेवटीं सह्या असत 'युवर लव्हिंग फ्रेंड्स' म्हणून. मालक स्वतःस प्रेमळ मित्र म्हणवी आणि नोकर स्वतःस सेवक म्हणवी. यांतील कोणता शब्द अधिक पोकळ होता तें सांगणें कठीण आहे.

पुढें कचेऱ्यांची जी उतरंड तयार झाली तींत वाक्याच्या पहिल्या दोन शब्दांवरून पत्राचा दर्जा ओळखूं येई. सरकारचा चिटणीस लिही, 'आय ॲम डायरेक्टेड', म्हणजे मला कळविण्याची आज्ञा झाली आहे. त्याच्यामागें सरकार उभें असल्यामुळें त्यास मान वगैरे लाभण्याचें कारण नसे. अधिकारी अधिकाऱ्यास लिही, 'आय हॅव द ऑनर'. आणि गांवचा माणूस लिही, 'आय बेग टु स्टेट', मी सांगण्याची भीक मागतों. याखेरीज अर्धसरकारी पत्र म्हणून एक प्रकार असे. त्यांत एक साहेब दुसऱ्या साहेबास 'माय डियर' म्हणून नांवानें हांक मारी आणि शेवटीं 'युवर्स सिन्सिअर्ली' म्हणे. खरें काम बहुधा त्याच पत्रांत होई. मोठा सन्मान असलेलें पत्र दप्तरीं लागे, आणि साध्या पत्रावर निकाल होई. आपल्या लोकांनीं साहेबाचें हें वाक्य पाठ केलें, त्याला फारसी अर्जाची लवणारी कंबर जोडली, आणि कित्येक वेळां मर्यादा सोडून लिहिलें. त्यास इंग्रज 'बाबू इंग्लिश' म्हणून हंसत. पण हंसतांना एक गोष्ट ते विसरत. ज्याच्या पोटाचा प्रश्न समोरच्याच्या सहीवर लटकलेला आहे, त्याला शब्दांत काटकसर परवडत नाहीं.

अर्जाचा शेवट तर याहूनहि नम्र असे. 'अँड युवर पिटिशनर्स, ॲज इन ड्यूटी बाउंड, शॅल एव्हर प्रे', म्हणजे कर्तव्य म्हणून आम्ही अर्जदार सदैव आपलें कल्याण चिंतूं. ही मूळची इंग्लंडच्या पार्लमेंटाकडे अर्ज करण्याची रीत. नाताळमधील हिंदी लोकांचा मतदानाचा हक्क काढून घेणारें बिल १८९४ त आलें, तेव्हां पंचवीस वर्षांच्या होण्याच्या बेतांतल्या बॅरिस्टर गांधींनीं जे अर्ज लिहिले ते याच सांच्यांतले होते. वसाहतमंत्री लॉर्ड रिपन यांस धाडलेल्या अर्जावर सुमारें दहा हजार सह्या होत्या. याच लेखणीनें २ मार्च १९३० रोजीं साबरमतीहून व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांस पत्र लिहिलें, तेव्हां त्याचा मायना होता 'डियर फ्रेंड', प्रिय मित्र, आणि शेवट होता 'युवर सिन्सिअर फ्रेंड'. पत्रांत मिठाचा कायदा मोडण्याचा बेत स्वच्छ सांगितला होता आणि व्हाइसरॉयचा पगार सामान्य हिंदी माणसाच्या मिळकतीच्या किती पट आहे याचा हिशेबहि मांडला होता. पत्र नेऊन देण्यास एक इंग्रज तरुण निवडला होता. उत्तर आलें तें चिटणिसाच्या सहीचें, चार ओळींचें. 'सदैव प्रार्थना करूं' येथून 'आपला मित्र' येथवर यावयास त्या लेखणीला छत्तीस वर्षें लागलीं. आणि मित्र हा शब्द सरकारला सेवक या शब्दापेक्षां जड गेला असावा, कारण त्याला ठरीव उत्तर नव्हतें.

परंतु मला विचाराल तर या सबंध इतिहासांतलें सर्वांत विलक्षण पत्र सुभाषचंद्र बोस यांचें. आय. सी. एस. ची परीक्षा १९२० सालीं ते चौथ्या क्रमांकानें उत्तीर्ण झाले होते. ती नोकरी म्हणजे त्या काळच्या मध्यम वर्गाचा स्वर्गच. वडिलांची इच्छा, घराण्याची प्रतिष्ठा, आयुष्यभराची निश्चिंती, सारें एका पारड्यांत होतें. २२ एप्रिल १९२१ रोजीं केंब्रिजहून त्यांनीं भारतमंत्री मॉंटेग्यू यांस लिहिलें कीं, उमेदवारांच्या यादींतून माझें नांव काढून टाकावें अशी माझी इच्छा आहे. आपली निवड केव्हां झाली तें सांगितलें. आतांपर्यंत शंभर पौंड भत्ता मिळाला आहे, राजीनामा स्वीकारला जातांच तो मी इंडिया ऑफिसकडे परत पाठवीन, हें सांगितलें. देशभक्ति नाहीं, आवेश नाहीं, कारणमीमांसाहि नाहीं. आणि खालीं काय? 'आय हॅव द ऑनर टु बी, सर, युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट, सुभाषचंद्र बोस.'

हें पत्र वर्गांत सांगितलें म्हणजे मुलें हंसत आणि मग एकदम गप्प होत. ज्या कागदानें माणूस चाकर होण्याचें नाकारतो, त्याच कागदावर तो 'अत्यंत आज्ञाधारक चाकर' अशी सही करतो! यांत ढोंग आहे काय? मला तसें वाटत नाहीं. चोवीस वर्षांच्या त्या तरुणास ठाऊक होतें कीं हा शब्द आतां पोकळ झाला आहे. खरी चाकरी वरच्या चार ओळींत होती, आणि ती त्यानें सोडली होती. जॉन्सनसारखी कारागिरी करण्याचीहि त्यास गरज वाटली नाहीं. कांहीं विद्वान मित्र म्हणतात कीं त्यांत उपरोध आहे. असेल, पण मी त्या पत्रांत उपरोध पाहत नाहीं. घर सोडून जाणारा माणूसहि जातांना दार नीट लोटून घेतो, तितकेंच तें आहे.

वीस वर्षांनीं, ८ डिसेंबर १९४१ रोजीं, इंग्लंडचे मुख्य प्रधान चर्चिल यांनीं लंडनमधील जपानी वकिलातीस युद्ध पुकारल्याचें पत्र धाडलें, त्याच्याहि शेवटीं आपला आज्ञाधारक सेवक असण्याचा मान आहेच. कित्येकांस तें रुचलें नाहीं. चर्चिल यांनीं पुढें आपल्या ग्रंथांत त्यावर असें उत्तर दिलें कीं, माणसास ठारच मारावयाचें असेल तर सभ्यपणें वागण्यास कांहीं पैसे पडत नाहींत. बर आणि हॅमिल्टन यांसहि हें पटलें असतें.

आतां तें वाक्य जवळ जवळ गेलें आहे. आपल्या केंद्र सरकारच्या पत्रांत 'मला कळविण्याची आज्ञा झाली आहे' हें राहिलें, पण शेवट 'युवर्स फेथफुली' एवढ्यावर आला. त्याचेंच मराठी 'आपला विश्वासू'. २०१२ च्या ऑक्टोबरांत राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांनीं 'हिज एक्सलन्सी' हें बिरुद देशांतल्या देशांत आपल्यापुरतें बंद केलें. तथापि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणिसांस निरनिराळ्या देशांचे वकील जीं पत्रें लिहितात, त्यांचा आरंभ आजहि 'आय हॅव द ऑनर टु' असा होतो, मग कळवावयाचें तें सरहद्दीवरील गोळीबाराचें कां असेना. आणि आपल्या शाळाकचेऱ्यांच्या मराठी अर्जांत 'आपला आज्ञाधारक' हा त्या इंग्रजी सेवकाचा वंशज अजून नांदतो आहे.

त्याविषयींची एक आठवण सांगून मी थांबणार आहें. नववीच्या वर्गांत मी एकदां रजेचा अर्ज शिकवीत होतों. फळ्यावर 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असें लिहिलें आणि ओघानें या इंग्रजी वाक्याची हकीकत सांगितली. हेडमास्तर देखील वरिष्ठांस लिहितांना स्वतःस सेवक म्हणवीत असत, असें सांगितलें. आमच्या शाळेच्या शिपायाचा मुलगा त्या वर्गांत होता. तो उठून म्हणाला, "सर, हेडमास्तर सेवक, तर मग माझे बाबा कोण?" वर्ग हंसला. "अरे, ती नुसती लिहिण्याची रीत आहे," असें म्हणून मी पुढच्या मुद्द्याकडे वळलों. तो खालीं बसला. जॉन्सनचा उपदेश मला त्या वेळीं तोंडपाठ होता. पण ज्याचा बाप रोज सकाळीं घंटा देतो आणि कार्यालयांत पाणी भरतो, त्याला तो कसा सांगावा हें मला सुचलें नाहीं. तोंडानें सेवक म्हणावें आणि मनानें मानूं नये, ही चैन ज्याला खुर्ची आहे त्याची.

कांहीं वर्षांनीं तो शिपाई निवृत्त झाला. निवृत्तिवेतनाचे कागद कोठें तरी अडकले होते आणि अर्ज लिहून घेण्यास तो माझ्याकडे आला. मीं मजकूर लिहिला, नोकरीच्या तारखा घातल्या, आणि शेवटापाशीं येऊन थांबलों. मुलाचा प्रश्न मला आठवत होता. मीं म्हटलें, "आतां तुम्ही निवृत्त झालांत. खालीं नुसतें तुमचें नांव घालूं का?"

तो घाबरून म्हणाला, "नको गुरुजी. जी लिहायची रीत आहे तीच लिहा. त्यापायीं अर्ज परत यायला नको."

मीं 'आपला आज्ञाधारक सेवक' असें लिहिलें, आणि त्यानें चष्मा पुसून त्याखालीं एकेक अक्षर जुळवीत सही केली.